झानची थट्टा

जिल्ह्याचे कमांडंटसाहेब आज दुपारीच येणार, हा निरोप यिरिबानं आणला तेव्हा सितान बाजरी कांडत होती. तिनं मुसळ थांबवलं नाही. उखळात होती तेवढी बाजरी कांडून संपवली, कोंडा पाखडला, हात झटकले आणि मग विचारलं, "आज म्हणजे आजच?"

यिरिबानं मान हलवली. तो मोठ्या दिरांचा, मोलोबालींचा, मुलगा. सेगू शहरातल्या फ्रेंच कचेरीत कारकून होता आणि डेंबेलेंच्या घरात लिहिता-वाचता येणारा तेवढा एकच. पॅरिसात कोर्ट बसलंय, फ्रेंच-जर्मन लढाईतल्या जुन्या शिक्षा पुन्हा तपासतंय, ही बातमी दीड वर्षापूर्वी त्यानंच आणली होती. तेव्हापासून काकू आणि पुतण्यानं मिळून उंबरठे झिजवले होते. कुणी हसलं, कुणी हाकललं, एका साहेबानं तर अर्ज परत करताना, मेलेल्या माणसाला आता काय करायचंय, असं विचारलं होतं. सितान त्याला म्हणाली होती की मेलेल्याला काही नको, जिवंतांना पाहिजे.

जिवंत म्हणजे ती आणि तिची मुलगी. तिच्या नवऱ्याला, झानला, शिक्षा म्हणून गोळ्या घातल्या तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती. आता ती सतरा वर्षांची, नदीपलीकडच्या गावात सासरी नांदत होती आणि पाणवठ्यावर बायका तिला अजून 'बसक्याची पोर' म्हणायच्या. सगळे उठले तेव्हा जो बसून राहिला, त्याची पोर. सितानचं स्वतःचं तसं बरं चाललं होतं. रीतीप्रमाणे धाकट्या दिरानं, सुंगालोनं, तिच्याशी पाट लावला, त्याच्यापासून तीन मुलं झाली, ताटात कधी कमी पडलं नाही. पण झानचं नाव गावात कुणी पोराला ठेवलं नाही. त्याच्या नावानं कोंबडं कापायला मोलोबाली तयार नव्हते. माणूस मेला आणि मेला म्हणून कुणी रडलंही नाही, ही गोष्ट तिच्या घशात अडकून राहिली होती.

शिक्षेच्या कागदात दोनच ओळी होत्या. शिपाई झान डेंबेले यानं शत्रूसमोर असताना सार्जंट फाकोरो कोने याचा हुकूम मोडला आणि सार्जंटला आपला गुलाम म्हटलं. यिरिबानं त्या ओळी पहिल्यांदा वाचून दाखवल्या तेव्हा सितान आधी हसली होती आणि मग खाली बसली होती. डेंबेलेनं कोनेला गुलाम म्हटलं, यात नवल ते काय? डेंबेले आणि कोने या कुळांत थट्टेचं नातं. सनंकुया म्हणतात त्याला. आजोबा-पणजोबांपासूनचं, कुणी मोडायचं म्हटलं तरी न मोडणारं. डेंबेलेनं कोनेला गुलाम नाहीतर चवळीखाऊ म्हणायचं, कोनेनं डेंबेलेला आळशी गुलाम म्हणायचं, आणि राग आला तरी गिळायचा. कोनेंच्या घरात कुणी मेलं की डेंबेले जाऊन प्रेताशेजारी आडवा पडणार आणि सांगणार, हा उठून माझं शेत खणून देईल, मगच नेऊ देईन. रडणारी माणसं हसतात, तेवढाच भार हलका होतो. आणि डेंबेलेनं काही गुन्हा केला, तर पंचांपुढं कोनेनं उभं राहून त्याला मनसोक्त शिव्या घालायच्या. पंच हसले की गुन्हा निम्मा माफ.

अर्जात हेच लिहिलं होतं. कोर्टानं उलट विचारलं होतं की असं नातं खरंच आहे, याला पुरावा काय? कमांडंटनं स्वतः गावात जाऊन पाहावं आणि कळवावं.

इथंच तर घोडं पेंड खात होतं. सतरा वर्षांत या घरातल्या कुठल्याही डेंबेलेनं कुठल्याही कोनेची थट्टा केली नव्हती. झानची बातमी आली आणि फाकोरो कोनेनंच साक्ष दिली असं कळलं, त्या दिवशी मोलोबालींनी पूर्वजांच्या दगडापुढं शपथ घेतली होती की कोनेंशी आपलं नातं संपलं. बाजारात कोने समोरून आला तर डेंबेले वाट बदलायचे. सगळ्या मुलुखाला हे ठाऊक होतं. साहेबानं कुणालाही विचारलं असतं तरी लोकांनी खरं तेच सांगितलं असतं, की ही दोन घरं बोलतसुद्धा नाहीत.

"आणि फाकोरोला निरोप दिलास?" सिताननं विचारलं.

"तो आलाय, काकू. बाहेर चिंचेखाली बसलाय. बाबांना अजून सांगितलं नाही."

सांगण्याची वेळ यायच्या आधीच आतून मोलोबालींचा आवाज आला. ते देवडीत तपकिरीची डबी घेऊन बसले होते आणि दारातून त्यांना चिंच दिसत होती. त्यांनी बजावलं की तो माणूस या देवडीत पाय टाकणार नाही. टाकलाच तर मी घर सोडून जाईन. सुंगालो सकाळी सितानला म्हणाला होता की काहीही करून हे एकदाचं मिटवून टाक. आता त्यानं भावाच्या सुरात सूर मिसळला. तो शहाण्यासारखा म्हणाला की जुनं उकरण्यात काय अर्थ आहे, मुलगी तर सासरी सुखात आहे. डेंबेलेंच्या घरात हट्ट सगळा पुरुषांकडं गेला आणि उरलेलं शहाणपण बायकांनी वाटून घेतलं, असं गावात म्हणतात. सुंगालोच्या वाट्याला मात्र हट्टही आला नव्हता. माणूस मनानं चांगला, पण ज्याच्याजवळ बसेल त्याच्यासारखं बोलणारा.

सितान चिंचेकडं गेली.

फाकोरो कोने पन्नाशीचा, उंच, एका पायानं लंगडा. कोटावर तीन पदकं लावून आला होता. साहेब येणार म्हणून लावली असावीत. सितान दिसताच तो उठला.  मग सितान म्हणाली, "बसा. सगळं सांगा. कागदात आहे ते मला पाठ आहे, जे नाही ते सांगा."

त्यानं सांगितलं. पाऊस, चिखल, खंदक. नवीन आलेला लेफ्टनंट. पुढच्या ओळीत दारूगोळ्याची पेटी पोचवायची होती आणि फाकोरोनं झानला नेमलं. झान बूट बांधत बसला होता. तो म्हणाला, गुलामाचा हुकूम मालकानं कधीपासून ऐकायचा? तूच जा, आणि जाताना माझंही ओझं घेऊन जा. सगळे हसले. झानही हसला आणि हसत हसत पेटीला हात घातला. तेवढ्यात लेफ्टनंटनं दुभाष्याला विचारलं की हा काय बोलला. दुभाषी दूर किनाऱ्याकडचा, इकडची थट्टा न कळणारा. त्यानं अक्षर न अक्षर सांगितलं. त्याच आठवड्यात शेजारच्या तुकडीतल्या माणसांनी पुढं जायला नकार दिला होता आणि वरच्या साहेबांना कुणाला तरी धडा शिकवायचाच होता.

"पेटी त्यानं उचलली होती?"

"खांद्यावर घेतली होती, वहिनी. खांद्यावरची पेटी उतरवून त्याला धरून नेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट बसलं आणि दुपारपर्यंत उठलंही. फाकोरोला उभं केलं. या माणसानं तुला गुलाम म्हटलं का, तुझा हुकूम मोडला का, असं विचारलं. फाकोरोनं समोर पाहिलं. तीन अधिकारी, टेबल, कागद. पंचच की हे, त्याला वाटलं. आणि डेंबेले पंचांपुढं उभा असला की कोनेनं काय करायचं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"मी म्हटलं, हो साहेब, म्हटलं. हे सगळे डेंबेले असेच. याचा आजासुद्धा कामचुकार होता. घाला याला गोळ्या, खुशाल घाला. फक्त पेरणीपर्यंत थांबा, नाहीतर माझं शेत कोण खणणार?" फाकोरो सांगत होता. "मी हसत होतो, वहिनी. झानही हसत होता. मला वाटलं, आता साहेबही हसतील. दुभाष्यानं सांगितलं आणि ते लिहायला लागले. दोघंही हसतायत, एवढं पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. मग मी म्हणायला लागलो की थट्टा होती, थट्टा होती, तर मला बाहेर काढलं."

 चिंचेला हात टेकून सितान उभी राहिली. सतरा वर्षं तिनं या माणसाचा विचार केला होता. त्यानं दावा साधला असेल, बढतीची पट्टी मिळवायला बोलला असेल, भ्यायला असेल. तो झानला वाचवायला बोलला असेल, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. तिला त्याची कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम.

"मला शिव्या द्या," फाकोरो म्हणाला. "काहीतरी बोला. सतरा वर्षांत मी कुणाची थट्टा केलेली नाही. तोंड उघडायचं म्हटलं तरी भीती वाटते."

"शिव्या देणं माझं काम नाही. ते घरच्या कर्त्याचं," सितान म्हणाली आणि देवडीकडं वळली.

यिरिबानं दारामागून सगळं ऐकलं होतं. त्याचं डोकं कारकुनाचं, लगेच वाट शोधणारं. देवडीत येऊन त्यानं सुचवलं की एवढा खटाटोप कशाला? तो दुभाषी मेला, मला ठाऊक आहे. त्यानं चुकीचं सांगितलं असं म्हणू. झान बोललाच नाही, कोनेही तसं बोलला नाही. नात्याचा पुरावा द्यायला नको, बाबांना शपथ मोडायला नको, फाकोरोकाकांवर ठपका नाही, त्यांची पदकं शाबूत. सुंगालोचा चेहरा उजळला. मोलोबालींनीही डबी खाली ठेवली आणि हे बरं आहे म्हणाले. कित्येक वर्षांत बाप-लेकाचं पहिल्यांदाच एकमत होत होतं. दीड वर्ष जो पुतण्या सितानच्या बाजूनं लढला, तोही आता पलीकडं जाऊन बसला. ती एकटी उरली.

"दुभाष्यानं चुकीचं काही सांगितलंच नाही," ती म्हणाली. "अक्षर न अक्षर बरोबर सांगितलं. तीच तर गोम आहे."

यिरिबा समजावायला लागला की काकू, कोर्टाला काय कळणार? तिनं त्याला थांबवलं. झान जे बोलला ते बोलला, ते बोलणं वाईट नव्हतं, ती म्हणाली. ते बोललाच नाही असं मी म्हटलं तर अशा बोलण्याला गोळ्या घालणं बरोबरच होतं असं होईल, फक्त माणूस भलताच धरला एवढंच. मला झान तोंड बंद करून सोडवायचा नाही. आणि खोट्यावर उभं केलेलं उद्या कुणी एका बोटानं पाडेल.

मग ती मोलोबालींकडं वळली. थोरल्या दिरासमोर बायकांनी गुडघ्यावर बसून बोलायचं, ही त्या घरची रीत. आज ती उभीच राहिली. सुंगालोनं ते पाहिलं आणि तो बाजूला सरकला.

"भाऊजी, कोनेनं झानला मारलं असं तुम्ही म्हणता. झानला पाठवलं कुणी, हे मी सतरा वर्षांत एकदा तरी काढलं का?"

यिरिबानं बापाकडं पाहिलं. सितान बोलतच राहिली.

"साहेबांनी लढाईसाठी घरटी एक माणूस मागितला होता. तुम्ही झानला दिलंत. मी पोटुशी होते. तेव्हाही काही बोलले नाही, आजही तुम्हाला दोष देत नाही. कुणाला तरी द्यावंच लागलं असतं, हे धाकटे तेव्हा पोर होते, आणि तुमच्याशिवाय घर चाललं नसतं. पण तुमच्या मनावरचं ओझं तुम्ही कोनेच्या डोक्यावर दिलंत आणि आम्हा सगळ्यांना त्याच्या वाटेनं जायची बंदी केलीत. माझ्या नवऱ्याच्या निर्दोषपणाचा एकच पुरावा या मुलुखात होता. तो तुम्ही तोडलात. आता तुम्हीच जोडून द्या."

 तपकिरीची डबी हातात घेऊन मोलोबाली तिचं झाकण उघडत-मिटत राहिले.  सत्तरीला टेकला तरी ताठ असलेला माणूस, पण सितानला तो त्या क्षणी अगदी थकलेला वाटला आणि आपण फार बोललो असंही तिला वाटलं. पण बोललेलं तिनं परत घेतलं नाही.

दुपारी कमांडंट आले. घोड्यावरून उतरले, घाम पुसला, चिंचेखाली टाकलेल्या लाकडी बैठकीवर टेकले. तरुण होते, उर्मट नव्हते, पण उन्हानं वैतागलेले. दुभाषी जवळच्याच गावचा, कुलिबाली आडनावाचा. गावचा मुखिया आणि चार म्हातारे समोर बसले. फाकोरो बाजूला एकटा उभा. डेंबेले सगळे दुसऱ्या बाजूला, आणि सितान बायकांच्या पुढं.

साहेबांनी विचारलं, असं नातं आहे का? मुखियानं सांगितलं, आहे, पूर्वीपासून आहे. साहेबांनी विचारलं, या दोन घरांत आहे का? मुखियानं एकदा मोलोबालींकडं पाहिलं, मग जमिनीकडं. म्हणाला, पूर्वी होतं. आता ते बोलत नाहीत. एका म्हाताऱ्यानं भर घातली की सतरा वर्षं झाली. साहेबांनी यिरिबाकडं पाहून विचारलं की मग हे नातं अर्ज करताना सोयीसाठी आठवलं का? यिरिबा घडाघडा फ्रेंच बोलायला लागला, पण साहेबांनी हात वर केला. त्यांनी कागद गोळा केले आणि चामड्याच्या पिशवीचा पट्टा ओढला.

सितान मोलोबालींकडं बघत राहिली. तिनं खूण केली नाही, हात जोडले नाहीत. करायचं ते करून झालं होतं.

मोलोबाली खाकरले.

"कोने," ते म्हणाले.

फाकोरोनं मान वर केली.

"नदीपलीकडून तुझं पोट गुरगुरताना ऐकू येतं." शब्द एकेक करून येत होते, विहिरीतून गाळ काढल्यासारखे. "सतरा वर्षं ऐकतोय. किती चवळी खाशील? चवळीखाऊच्या पोटी चवळीखाऊ. ती छातीवरची पत्र्याची झाकणं कसली? चवळीच्या मडक्यावरची का?"

म्हाताऱ्यांमध्ये कुणीतरी श्वास आत ओढला. आता उत्तर यायला हवं होतं. थट्टेला उत्तर आलं नाही तर ती शिवी होते, हे तिथं पोराटोरांनाही कळत होतं. फाकोरोचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.  गेल्या वेळी त्यानं असं उत्तर दिलं होतं, तेव्हा काय झालं होतं ते त्याच्या डोळ्यांत सगळं दिसत होतं.

"उत्तर दे," सितान म्हणाली.

फाकोरोनं साहेबांच्या कागदांकडं पाहिलं.

"दे उत्तर, फाकोरो. यात झानचं काही वाईट होणार नाही आता."

फाकोरोनं लंगडा पाय ओढत दोन पावलं पुढं टाकली. मोलोबालींच्या अगदी समोर येऊन थांबला. त्याचा आवाज आधी चिरकला, मग सापडला.

"आळशी गुलामा, मालक उन्हात उभा आणि तू सावलीत बसून? तुझ्या बापानं हेच शिकवलं का? ऊठ. पाणी आण."

मोलोबाली डेंबेले उठले. घरच्या कर्त्यानं स्वतः उठून कुणाला पाणी दिल्याचं त्या गावानं कधी पाहिलं नव्हतं. ते रांजणापर्यंत चालत गेले, वाकले, भोपळ्याचं भांडं भरलं आणि दोन्ही हातांत धरून परत आले. पाणी हिंदकळून त्यांच्या मनगटांवर सांडत होतं. त्यांचा चेहरा ओला झाला होता आणि ते तो पुसत नव्हते.

"पी," ते म्हणाले. "आणि झाल्यावर भांडं घासून ठेव. आमच्याकडं ही कामं कोनेच करतात."

आधी मुखिया हसला. मग म्हातारे हसले, मग बायका, मग सुंगालो सगळ्यांत मोठ्यानं. फाकोरो प्यायला लागला आणि त्याला ठसका लागला. मोलोबालींनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या आणि मारता मारता त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडायला लागले. "झान," ते म्हणत होते. "माझा झान." सतरा वर्षांत त्या अंगणात त्याच्यासाठी पहिल्यांदा कुणी मोठ्यानं रडत होतं. सितानच्या घशातलं सुटलं आणि तीही रडली.

साहेब उभे राहिले होते. एक माणूस एका म्हाताऱ्याला गुलाम म्हणतोय, म्हातारा रडतोय आणि बाकीचे हसतायत. त्यांनी दुभाष्याला घाईनं काहीतरी विचारलं. कुलिबालीनं तोंडावरचं हसू आवरलं. अर्ज सितानचा होता, म्हणून तो तिच्याकडं वळला.

"साहेब विचारतात, हे भांडण आहे की थट्टा?"

सिताननं डोळे पुसले.

"त्यांना सांगा, हे एवढंच त्या दिवशी कुणीतरी विचारायला हवं होतं."

कुलिबालीनं तसंच सांगितलं, अक्षर न अक्षर.  साहेब खाली बसले, पिशवीचा पट्टा सोडला आणि लिहायला लागले.